देवळातल्या बरणीतलं तेल

किहीम,
गुरुवार, ता. २० जानेवारी १९३८

प्रिय चांगदेव,

‘प्रिय’ हा शब्द लिहून मी बराच वेळ थांबलो. खोडावा असं वाटलं, पण पहिल्याच ओळीत खाडाखोड झालेलं पत्र मला बघवत नाही. तेव्हा राहू दे. नऊ वर्षांत मी तुला एक ओळ लिहिली नाही आणि आज एकदम जाड पाकीट आलं, म्हणून दचकू नकोस. आधी खुशाली. आई पालीला मामांकडे असते. गुडघे दुखतात, बाकी बरी आहे. मी किहीमला आहे, दोन वेळचं नीट मिळतं, आणि माझ्या हातात असं एक काम आहे की त्याची गोष्ट ऐकताना आपल्या गावचा कोणी मधेच उठून जायचा नाही. अक्षर मुद्दाम मोठं काढलं आहे. कठीण शब्द आला की त्याचा अर्थ तिथेच दिला आहे.

इथे समुद्राकाठी नारळीच्या बागेत एक बंगला आहे. त्यात डॉक्टर राहतात. औषध देणारे नव्हेत, रसायनशास्त्राचे. जर्मनीत शिकले, मुंबईत शिकवत होते, छाती अधू झाली म्हणून इकडची हवा घ्यायला आले आणि येताना आपलं यंत्र घेऊन आले. त्यांना आकडे सुवाच्य लिहिणारा माणूस हवा होता. मी इंग्रजी दुसरीत शाळा सोडली हे तू जाणतोस, का सोडली तेही जाणतोस. पण माझ्या शुद्धलेखनाला गुरुजींनासुद्धा बोट लावता येत नव्हतं. डॉक्टरांनी माझ्याकडून एक पान लिहून घेतलं, चष्मा वर करून पाहिलं आणि विचारलं, “तू चुका करत नाहीस?” मी म्हटलं, “करतो, पण तीनदा तपासतो.” त्याच दिवशी त्यांनी मला ठेवून घेतलं.

यंत्राचं नाव स्पेक्ट्रोमीटर. त्याचं काळीज म्हणजे मिठाचा लोलक. चेष्टा करत नाही. झुंबराला लोंबतो तसा तीन कडांचा तुकडा, पण काचेचा नव्हे. सैंधवाचा, म्हणजे आपण उपासाला घालतो त्या मिठाचा, आणि पाण्यासारखा नितळ. इंद्रधनुष्यात तांबडा रंग संपतो तिथे उजेड संपत नाही. त्याच्या पुढेही उजेड असतो, तो डोळ्यांना दिसत नाही, फक्त ऊब म्हणून अंगाला कळतो. चुलीसमोर डोळे मिटून बसलं तरी गालाला कळतं ना, तोच. त्याला इन्फ्रारेड म्हणतात. काच त्याला अडवते, मीठ अडवत नाही, म्हणून लोलक मिठाचा. आणि मिठाची जात काय असते ते उरणच्या मिठागरातल्या कोणालाही विचार. दमट हवा लागली की पाझरलं. पावसाळाभर आमचं यंत्र बंद असतं. एरवीही लोलक काचेच्या पेटीत, आणि पेटीत हवेतलं पाणी शोषणारा क्षार. जवळ जाताना मी तोंडावर फडकं बांधतो, हाताला घाम असेल तर जातच नाही. एक श्वास पडला की मीठ धुरकटतं, आणि मग रेशमी कापडावर दोन दिवस घासत बसावं लागतं. माझ्यासारख्या घाबरट माणसाला देवाने शोधून दिलेलं काम.

आता त्यातली खरी गंमत. रेवदंड्याच्या खाडीत बांधलेल्या होड्या आठव. बारीक लाटा आल्या की लहान होडी नाचायला लागते, गलबत ढिम्म. लांब फुगाऱ्याची लाट आली की गलबत डोलायला लागतं. जिचा जसा झोका, तिने तसलीच लाट गिळायची, बाकीच्या पुढे सोडायच्या. मागे काठावर कोणी डोळे बांधून नुसते पाय पाण्यात सोडून बसला, आणि कुठल्या लाटा पायाशी पोचल्या नि कुठल्या मधेच मेल्या एवढंच मोजत राहिला, तर पुढे कसल्या होड्या बांधल्या आहेत हे तो न बघता सांगेल. पदार्थाचंही तसंच. तेल घे, अत्तर घे, राळ घे. त्यातले कण एकमेकांना जोडलेले असतात, आणि प्रत्येक जोडाचा आपला झोका असतो. तो न दिसणारा उजेड तेलातून सोडला की तिथे जो जोड असेल तो आपल्या झोक्याची लहर गिळतो. उरलेली ऊब पलीकडचं उपकरण पकडतं, आणि भिंतीवरच्या पट्टीवर उजेडाचा ठिपका सरकतो. किती सरकला ते मी वाचून लिहितो. लोलक केसभर फिरवायचा, पुन्हा वाचायचं. एका तेलासाठी दीडशे वेळा. मग चौकटीच्या कागदावर टिंबं काढून जोडायची. जिथे खड्डा पडला तिथे लहर गिळली गेली. मुंबईहून लोक डॉक्टरांकडे बाटल्या पाठवतात, यंत्रांची तेलं, मलमं, अत्तरं, आणि त्यात कोणी काय मिसळलं आहे ते डॉक्टर माझा कागद बघून सांगतात.

‘मिसळलं’ या शब्दाशी तू सावध झाला असशील. हो, मी तिकडेच येतो आहे. खोबरेल, तिळाचं, शेंगदाण्याचं, कुठलंही झाडाबियांतून निघालेलं तेल असो, त्यात एक जोड असतोच, आणि आमच्या कागदावर पाच पूर्णांक सात या आकड्यापाशी त्याचा खड्डा पडतो. विहिरीसारखा खोल. जमिनीखालच्या तेलात, म्हणजे घासलेटचं जे बिनवासाचं भावंड मुंबईला पिंपाने मिळतं आणि ज्याला आपण पांढरं तेल म्हणतो, त्यात तो जोड मुळीच नसतो. त्याचा कागद त्या जागी सपाट. खोबरेलात पांढरं तेल घातलं की विहीर तेवढी बुजते. हे तेलाचा रंग बघून ठरत नाही, वास घेऊन ठरत नाही, आणि पारावर उभं राहून कोण काय बोललं यावरून तर नाहीच नाही.

त्या जानेवारीत काय झालं ते मी पुन्हा एकदा सांगतो, कारण मधल्या नऊ वर्षांत ज्या सुना गावात आल्या, जी पोरं जन्मली, मोठी झाली, त्यांनी ते तुझ्याच तोंडून ऐकलं असेल. माझ्या वडिलांचा, रामचंद्र तेल्याचा, घाणा होता. तू आमच्याकडेच कामाला होतास, आणि माझी आई नीराबाई तुला माझ्या शेजारी पाट मांडून वाढायची. देवळातल्या दिव्यांना बाबांच्या घाण्याचं खोबरेल जायचं. ते डोक्यावरून नेऊन बरणीत ओतायचं काम तुझं. त्या वर्षी थंडी कडक पडली. घरोघरचं खोबरेल थिजून दगड झालं होतं, बायका वाट्या उन्हात ठेवत होत्या, आणि देवळातल्या मोठ्या बरणीतलं तेल मात्र पाण्यासारखं पातळ. गुरवाने सगळ्यांसमोर पळी बुडवून दाखवली. खोबरेल थिजलं नाही म्हणजे त्यात पांढरं तेल आहे, याबद्दल आपल्याकडे कोणालाही शंका येत नाही. पारावर गाव जमलं. बाबा म्हणाले, “माझं तेल थिजतं. घाण्यावर चला, बघा.” कोणी चाललं नाही. “चल म्हणतोय चोर,” असं मागून कोणी तरी म्हणालं आणि लोक हसले. मग तुला पुढे काढलं. तू अंगठ्याने माती उकरत होतास. “बोल रे, तुला कोण खातंय?” तेव्हा तू बोललास, “व्हय. मी बगितलंय. काका पांढरं तेल घालतात. ह्या डोळ्यांनी बगितलंय.” मी तुझ्यापासून चार हातांवर उभा होतो. मी तुझ्याकडेच बघत होतो. तू एकदाही माझ्याकडे बघितलं नाहीस.

घाणा बसला. आमच्या दारात कोणी भांडं घेऊन येईना. शाळेत मी पाणी प्यायला गेलो की पोरं विचारायची, “सद्या, ह्यात पण घातलंस काय रे?” बाबा भांडले नाहीत, शपथ घ्यायला गेले नाहीत. त्यांनी एकच केलं. पुढच्या थंडीत रोज सकाळी ते पितळेच्या वाटीत खोबरेल थिजवून ओट्याच्या कडेला ती वाटी पालथी धरून बसायचे. तेल पडायचं नाही. जाणाऱ्या-येणाऱ्याला दिसावं म्हणून. शेजारची आवडाकाकू विहिरीवर जाताना आमच्या ओट्याशी आली की पदर पुढे ओढून घ्यायची. असे दोन हिवाळे गेले. मग बाबा चैत्रात गेले, ज्या दिवसांत कोणाचंच तेल थिजत नाही. आई मला घेऊन पालीला आली आणि आमचा घाणा तू चालवायला घेतलास.

चांगदेव, त्यानंतर मी तुला मनात इतक्या वेळा आणि इतक्या तऱ्हांनी मारलं आहे की तुला सांगून खरं वाटणार नाही. कधी घाण्याच्या लाटेखाली, त्या फिरत्या लाकडी दांड्याखाली, तुझा हात सापडायचा. कधी तुझी होडी उलटायची आणि मी काठावर उभा राहून तुझं डोकं किती वेळा वर आलं ते मोजायचो. मोजल्याशिवाय मला काही करता येत नाही. आणि प्रत्येक वेळी शेवट तोच, तू काही तरी बोलायला तोंड उघडायचास आणि मी ऐकायचो नाही.

त्या दिवशी देवळातली बरणी खाडीवर ओतायला नेत होते तेव्हा आई वाटेत आडवी उभी राहिली होती, आठवतं? तिने बरणीत एक बाटली बुडवून भरून घेतली. तिला कोणी अडवलं नाही. ती बाटली तिने लाखेने बंद केली, फडक्यात गुंडाळली आणि भाताच्या कणगीत पुरून ठेवली. का, ते तिलाही सांगता आलं नसतं. गेल्या दिवाळीत मी तिला माझ्या यंत्राची गोष्ट सांगितली, तुला आत्ता सांगितली तशीच, होड्यांची. ती उठली, कणगीत हात घातला आणि बाटली माझ्यापुढे ठेवली.

डॉक्टर म्हणाले, साबण करूनही हे कळेल, कारण पांढऱ्या तेलाचा साबण होत नाही, पण त्यात तेल खर्ची पडतं. यंत्राला दोन थेंब पुरे, तेही मिठाच्या दोन पातळ चकत्यांमध्ये धरायचे, आणि काम झाल्यावर बाटलीत परत. तेल जुनं होऊन खवट झालं तरी तो जोड कुठे जात नाही, आणि पांढरं तेल असेल तर तेही जात नाही. मात्र त्यांनी एक अट घातली. बाटल्यांवर नावं नकोत, नुसते नंबर, आणि कुठला नंबर कशाला हे फक्त ते जाणणार. “तुझा राग आकड्याच्या खान्यात लिहायचा नाही, सदा.” पाच बाटल्या होत्या. माझ्यासमोर काढून घेतलेलं खोबरेल, निव्वळ पांढरं तेल, एक हिस्सा पांढरं आणि दोन हिस्से खोबरेल असं मुद्दाम केलेलं मिश्रण, आईची बाटली, आणि रेवदंड्याच्या बाजारातून आणवलेलं तुझ्या घाण्याचं तेल. हो, तुझंही. मला ते नासकं निघायला हवं होतं.

त्या विहिरीच्या जागी किती उजेड पार होतो ते मी प्रत्येकाचं तीनदा वाचलं. खोबरेलातून शंभरातले आठ. पांढऱ्या तेलातून एक्क्याण्णव. मिश्रणातून एकोणीस. तुझ्या तेलातून आठ. म्हणजे तुझं तेल चोख आहे. आकडा तो आकडा. आणि आईच्या बाटलीतून अकरा. डॉक्टरांनी नंबर उघडले तेव्हा मी मोठ्याने हसलो. आठ नाही, अकरा! विहीर थोडी बुजली होती. बाबांनी घातलं नाही, म्हणजे वाटेत तू घातलंस. नऊ वर्षांनी तू माझ्या हातात सापडलास असं मला वाटलं. त्या हसण्याच्या वाफेने समोरची चकती धुरकटली, आणि डॉक्टरांनी माझ्या हातात रेशमी कापड दिलं.

घासता घासता त्यांनी विचारलं, अकरा हा आकडा पांढऱ्या तेलाचा असेल तर ते फार तर आठवा हिस्सा झालं, तेवढ्याने खोबरेल थिजायचं थांबतं का? मी तसं मिश्रण करून थंडीत व्हरांड्यात ठेवलं. सकाळी वाटी पालथी केली. तेल पडलं नाही. माझ्या हातात बाबांची वाटी असावी असं झालं. म्हणजे बरणीत पांढरं तेल नव्हतं. मग खोबरेल पातळ करील, पण विहीर थोडीशीच बुजवील, असं दुसरं काय? तीन दिवस मला अन्न गोड लागलं नाही. शनिवारी एक बाई मारुतीला तेल घालायला चालली होती, तिच्या हातातली वाटी बघितली आणि सगळं आठवलं. त्या वर्षी गुरांना खुरकत झाली होती. गावाने नवस बोलला आणि पाच शनिवार घरटी एकेक वाटी तिळाचं तेल आवारातल्या मारुतीला घातलं. ओघळून खाली साठलेलं तेल वाया कशाला, म्हणून गुरव ते दिव्यांच्या बरणीत ओतायचा; पळी दाखवताना ते ना त्याच्या ध्यानात आलं, ना आमच्या. मी खोबरेलात अर्ध्याहून थोडं जास्त तिळाचं तेल घातलं. यंत्राने अकरा दाखवले. व्हरांड्यात ठेवलं. थिजलं नाही.

कोणीच काही मिसळलं नव्हतं, चांगदेव. बाबांनी नाही, तू नाही. गावाने भक्तीने घातलेलं स्वतःचंच तेल गावाने पळीत घेऊन बघितलं आणि माझ्या बापाला चोर ठरवलं. मला नऊ वर्षं तू चोर हवा होतास. चोर असतास तर मला तुझं वागणं समजलं असतं, चोर आपली कातडी वाचवतो. पण लपवायला तुझ्याकडे काहीच नव्हतं. तू त्या महिन्यात एकच डबा ओतलास, आणि ओतताना बरणी मारुतीच्या तेलाने आधीच अर्धीअधिक भरलेली होती हे तू बघितलंस. ह्या डोळ्यांनी. तेवढं एक वाक्य बोलला असतास तर सगळे हसून घरी गेले असते. त्याऐवजी तू न बघितलेलं सांगितलंस. तेल तू वाहून आणलंस म्हणून आळ तुझ्यावर येईल अशी भीती वाटली? का तेव्हाच घाण्यावर डोळा होता? हे माझं यंत्र सांगू शकत नाही. माणसातून तो उजेड पार होत नाही.

आता हे पत्र का लिहिलं ते सांगतो. तुला वाचता येत नाही. पूर्वी तुझी पत्रं मीच वाचून द्यायचो. हल्ली शनिवारी टपाल येतं, टपालवाले मुश्ताकमियाँ पारावर बसून ज्याची त्याची पत्रं मोठ्याने वाचतात, आणि ज्याचं पत्र नसतं तोही ऐकायला बसतो. म्हणून हे आज टाकलं, म्हणून मिठाची आणि होड्यांची गोष्ट आधी सांगितली आणि बाबांचं नाव उशिरा काढलं. मधे तू “पुरे, मियाँ” म्हणाला असशील, आणि आवडाकाकू, तुम्ही म्हणाला असाल, “वाचा हो, वाचा.” मुश्ताकमियाँ, एवढं वाचलंत, तुमचे उपकार. घोटभर पाणी प्या. या ओळींखाली चार बोटं कागद कोरा सोडला आहे. पाकिटात दुसरं पाकीट आहे, तिकीट लावलेलं, त्यावर पालीचा, माझ्या आईचा पत्ता आहे. आता पत्र मांडीवर ठेवा, आणि तुम्ही सगळे चांगदेवकडे बघा, त्या दिवशी बाबांकडे बघत होतात तसे. तो जे बोलेल ते, त्याच्याच शब्दांत, कोऱ्या जागेत लिहा. गप्प राहिला तर तसं लिहा. पाच शनिवार ज्यांनी तेल घातलं त्यांपैकी कोणाला तोंड उघडावंसं वाटलं, तर त्यांची नावंही खाली येऊ देत, जागा पुरेल. मग हेच पत्र त्या पाकिटात घालून, बंद करून पाठवून द्या. माझ्या आईलाही वाचता येत नाही. तिथेही पत्रं देवळासमोर बसून मोठ्यानेच वाचतात.

तुझाच,
सदा